पाहुणा आवाज आणि आपला ट्रॅक

प्रश्न : मी सोल (भावपूर्ण अमेरिकी गायकीची शैली) अंगाचे इलेक्ट्रॉनिक ट्रॅक करतो. गायिकेने तिच्या घरी गाऊन फाइल पाठवली. माझ्याकडे लावली की आवाज पहिल्या ओळीपासून किंचित मागे पडतो. तिच्याकडे म्हणे चोख बसतोय.

उत्तर : दोघांचंही खरं असणार. तिला गायला तुम्ही एमपी३ पाठवली होती का? एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते. काही सॉफ्टवेअर ती कापून टाकतात, काही तशीच ठेवतात. तशीच राहिली तर बऱ्याचदा १,१०५ सॅम्पल (डिजिटल ध्वनीचे सुटे ठिपके), म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झवर सुमारे २५ मिलिसेकंद. गायिका त्या सरकलेल्या ठेक्यावर बरोबर गायली. लांब पॅडवर (रेंगाळणाऱ्या सिंथ-स्वरांवर) हे कळतही नाही, पण हाय-हॅट (ड्रममधली टिकटिकणारी झांज) सुरू झाली की लगेच खटकतं.

अंदाजाने सरकवत बसू नका. तिच्या सेशनमधून तुमचाच गाईड ट्रॅक (ज्यावर ती गायली तो), गाण्याच्या फाइलइतकाच सुरुवातीपासून, पुन्हा मागवा. त्यातला पहिला किक (मोठ्या ड्रमचा ठोका) तुमच्या किकवर तंतोतंत बसवा आणि आवाज तेवढाच सरकवा. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये लेटन्सीची (यंत्रणेमुळे होणाऱ्या उशिराची) भरपाई झालेली नसेल, तर मात्र उरलेला फरक कानाने काढावा लागेल.

फरक शेवटाकडे वाढत जात असेल तर दुखणं वेगळं. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला किती सॅम्पल, तो आकडा) फाइल ४८ ची समजून वाजली तर ती जवळपास ९ टक्के जास्त वेगाने पळते आणि स्वर दीड सेमीटोनने (सेमीटोन म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) चढतो. पुढच्या वेळी २४ बिटची वेव्ह (न दाबलेली ऑडिओ फाइल) द्या, आधी दोन बारची (तालाच्या दोन आवर्तनांची) मोजणी ठेवा, फाइलच्या नावातच टेम्पो, पट्टी आणि सॅम्पल रेट लिहा. परत येताना आवाज कोरडा, म्हणजे इफेक्टशिवाय हवा. गाताना तिच्या कानात रिव्हर्ब (घुमारा) असू द्या.

आणि हो, काही ओळी मागे आणि काही बरोबर असतील तर हात लावू नका. ठेक्याच्या जरा मागे रेलून गाणं हेच तर सोल. सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर (ठेक्याच्या काटेकोर रेघांवर) ओढलंत की जीव गेला.

प्रश्न : ट्रॅक एफ मायनरमध्ये पूर्ण झाला, पण गायिकेला ध्रुवपदाला ताण पडतो. तीन सेमीटोन खाली आणू?

उत्तर : कॉर्ड खुशाल आणा, गोची सब-बासची (सगळ्यात खालच्या बासची) होते. एफ म्हणजे साधारण ४३.७ हर्ट्झ, तीन सेमीटोन खाली डी, ३६.७. छोट्या स्पीकरवर तो स्वर गायबच होतो. तिथे बास सप्तकभर वर न्या, किंवा थोडं डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं) देऊन वरचे हार्मोनिक (मूळ स्वराचे उपस्वर) आणा. तयार रेकॉर्डिंगच्या तुकड्यांतून घेतलेले आवाज इतके ओढले की घोगरे होतात, ते नव्याने वाजवलेले बरे. खरं तर ट्रॅक सजवण्याआधीच नुसत्या कॉर्डवर तिच्याकडून ध्रुवपद तीन पट्ट्यांत फोनवर गाऊन घ्यायचं. पट्टी तिचा गळा ठरवतो.

प्रश्न : मिक्समध्ये गायिकेचा आवाज वाढवला की ट्रॅकवर तरंगतो, कमी केला की बुडतो.

उत्तर : आधी इलेक्ट्रिक पियानो म्यूट करून ऐका. बहुतेक वेळा तोच २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये शब्दांवर बसलेला असतो. ओळ चालू असताना त्याला कमी स्वर द्या, मधल्या जागी भरा. तरीही नडला तर पियानोवर डायनॅमिक ईक्यू लावा, म्हणजे ती गाते तेव्हाच तो पट्टा आपोआप दबेल, २-३ डेसिबलपुरता. डी-एसर (‘स’ चा सिसकारा दाबणारं साधन) रिव्हर्बकडे जाणाऱ्या सेंडवरही (आवाजाच्या वाटेवरही) लावा, नाहीतर प्रत्येक ‘स’ मागे शेपूट सोडतो.

प्रश्न : चाल आणि शब्द तिचे, बीट माझा. श्रेय कसं?

उत्तर : मग ती सहलेखिका, नुसतं ‘फीचरिंग’ (पाहुणी गायिका) पुरत नाही. मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश गटाच्या १९९१ च्या ‘अनफिनिश्ड सिम्पथी’त शारा नेल्सन गायिका आहे आणि लेखकांतही आहे. रचनेचा हिस्सा आणि रेकॉर्डिंगचा हिस्सा वेगळे लिहा, दोन्हींची बेरीज स्वतंत्रपणे १०० करा, आणि प्रकाशनाआधी सह्या घ्या. रीमिक्सचं रेकॉर्डिंग वेगळं धरलं जातं, त्याला नवा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक) लागतो; तिचा आवाज त्यात वापरायची परवानगीही त्याच कागदावर घ्या.