प्रश्न तुमचे : पऱ्हाटीच्या जेलमध्ये पेशी वाढतील का?

प्रश्न : पेशी त्रिमितीत वाढवायला नॅनोसेल्युलोजचे (सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म कणा-तंतूंचे) जेल वापरतात म्हणून प्रकल्पासाठी कापूस ६४ टक्के सल्फ्युरिक आम्लात ४५ अंशांवर तासभर ठेवला. नुसते दुधट पाणी मिळाले, जेल धरलेच नाही. काय चुकले? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : कृती बरोबर आहे, पण ती स्फटिकांची आहे. आम्ल सेल्युलोजचा विस्कळीत भाग खाते आणि आखूड, ताठ काड्या तेवढ्या उरतात. त्या एकमेकींत गुंतत नाहीत. पेशींना लागतात लांब तंतू. ते अर्ध्या-एक टक्क्यालाच जाळे धरतात.

तंतूंसाठी कापसापेक्षा पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली झाडे, बरी. ऐकायला उलटे वाटेल, कारण कापसात नव्वद टक्क्यांवर सेल्युलोज आणि पऱ्हाटीत चाळीसच्या आसपास. पण पऱ्हाटीतले हेमिसेल्युलोज (सेल्युलोजसोबत असणारी दुसरी शर्करा-साखळी) तंतूंना घट्ट चिकटू देत नाही. साल काढून भुगा करा, ४ टक्के कॉस्टिक सोड्यात ८० अंशांवर दोन-दोन तास दोनदा शिजवा, धुवा आणि आम्लधर्मी सोडियम क्लोराइटने पांढरा करा. यात विषारी क्लोरीन डायऑक्साइड निघतो. फ्यूम हूड (वायू बाहेर ओढणारे कपाट) नसेल तर हा टप्पा करूच नका. लगदा ओलाच फ्रिजमध्ये ठेवा. एकदा वाळला की तंतू कायमचे चिकटतात, मग कितीही भिजवा.

आता लगद्यातले तंतू सुटे करायचे. १ ग्रॅम लगद्याला (कोरड्या वजनाच्या हिशेबाने) १०० मिली पाणी, टेम्पो हे उत्प्रेरक ०.०१६ ग्रॅम, सोडियम ब्रोमाइड ०.१ ग्रॅम, आणि थेंबथेंब ५ मिलिमोल सोडियम हायपोक्लोराइट. सामू १० वर ठेवा. तो सारखा घसरतो. अर्धा मोलर कॉस्टिक सोड्याने वर आणत राहा. घसरण थांबली की क्रिया संपली. थोडे इथेनॉल घाला, धुवा, मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवा. गढूळपणा जाऊन जेल पारदर्शक होऊ लागते.

बहुतेकांचे घोडे हायपोक्लोराइटपाशी अडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटलीतला माल झपाट्याने उतरतो. लेबलवरच्या टक्केवारीवर जाऊ नका, थायोसल्फेटने टायट्रेशन करूनच मोजा.

प्रश्न : पुढे पेशी आमच्याच कॉलेजात वाढवता येतील?

उत्तर : लॅमिनार फ्लो (जंतुविरहित हवेचे कपाट), ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर आणि अखंड वीज असेल तर. नसेल तर जेल तुम्ही करा, पेशींचे काम सोय असलेल्या प्रयोगशाळेत करा. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून मिळतात.

जेल १२१ अंशांवर २० मिनिटे ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करा. पेशींच्या पोषक माध्यमातल्या कॅल्शियमने गुठळ्या होतात, म्हणून पेशींचे द्रावण हळूहळू मिसळा, बुडबुडे टाळा. पेशींना सेल्युलोज धरून बसता येत नाही, त्यामुळे त्या गोळे करतात. कर्करोगाच्या गाठीच्या किंवा यकृताच्या पेशींना ते सोयीचेच. फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) पसरायला हवे असतील तर कोलॅजन मिसळा. उंदराच्या कर्करोगाच्या गाठीपासून काढलेल्या, याच कामाला वापरल्या जाणाऱ्या मॅट्रिजेल या जेलपेक्षा इथे एक मोठा फायदा : माणसाच्या पेशींत सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारे विकर) नसते, म्हणून जेल टिकते, आणि बाहेरून सेल्युलेज घातले की जेल विरघळून गोळे अख्खे हाती येतात.

प्रश्न : पेशी वाढवायला संत्र्याच्या सालीचा पांढरा भाग थेट चालेल? (वाचक, ता. वरूड)

उत्तर : २०१४ मध्ये ओटावा विद्यापीठाच्या अँड्र्यू पेलिंग यांच्या गटाने सफरचंदाच्या कापांतल्या पेशी साबणासारख्या एसडीएसने धुऊन काढल्या आणि उरलेल्या सांगाड्यात सस्तन प्राण्यांच्या पेशी वाढवल्या. त्याच वाटेने करून पाहायला हरकत नाही, पण नारिंगी थर पूर्ण खरवडा. त्यातले तेल पेशींना मारक आहे. एसडीएस राहिले तरी पेशी मरतात, तेव्हा धुण्यात कंजुषी नको.