नृत्यवर्ग : करून दाखवण्याआधी

प्रश्न : मी करून दाखवल्याशिवाय मुलं हलतच नाहीत. न दाखवता नृत्य शिकवता येतं का?

येतं. मार्गारेट डोब्लर यांनी तसंच शिकवलं. त्या जीवशास्त्राच्या पदवीधर, बास्केटबॉल शिकवणाऱ्या. स्वतः नर्तकी नव्हत्या. कोलंबिया विद्यापीठात शिकताना, शिक्षण अनुभवातून व्हावं असं मानणारे तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या विचारांशी त्यांची ओळख झाली आणि १९२६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांच्या पुढाकाराने अमेरिकेतला पहिला नृत्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. वर्गात हाडांचा सापळा असे, आणि विद्यार्थिनी आधी जमिनीवर आडव्या होत. तोल सांभाळायची काळजी मिटली की कुठला सांधा किती वळतो हे ज्याचं त्याला कळतं.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. ‘माझ्यासारखा हात उचला’ म्हणण्याऐवजी ‘हात उचलताना पाठीत काय हलतं?’ असं विचारा. मग ‘एका खांद्यापासून सुरुवात करून उठा, आता तेच दुप्पट वेळ घेऊन.’ पहिले काही तास मुलं तुमच्याच तोंडाकडे बघतील. तेव्हा घाईने करून दाखवलंत, तर ती पुन्हा नकलेकडे वळतील. कळ काढा.

प्रश्न : मोकळीक दिली की नुसता धुडगूस होतो. शिस्तीचं काय?

‘हवं तसं नाचा’ ही मोकळीक नव्हेच, तो शिक्षकाने झटकलेला भार आहे. ड्युईंनी १९३८ साली आपलेच विचार मानणाऱ्या शाळांना बजावलं होतं की प्रत्येक अनुभवातून शिक्षण घडतंच असं नाही. मुलांना बंधन द्या, पण उत्तर देऊ नका : तीन आकार, मध्ये एक थांबा, शेवट जमिनीलगत. नृत्याचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी हालचालीचे वजन, वेळ, अवकाश आणि ओघ असे चार घटक मांडले; एका तासाला त्यातला एकच पुरे. तीच रचना एकदा जड पावलांनी, एकदा हलक्या पावलांनी करायला लावली, की गोंधळ घालायला सवडच उरत नाही.

प्रश्न : अशाने तंत्र कच्चं राहणार नाही का?

स्वतः रचलेली गिरकी तोल जाऊन फसली, की मूल आपणहून विचारतं, ‘कुठे चुकतंय?’ तंत्र तेव्हा शिकवा, ते टिकतं. अपवाद फक्त इजेचा. उडीवरून उतरताना गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या रोखाने हवेत, हे मुलांना शोधायला लावू नका. आधीच स्पष्ट सांगा.

प्रश्न : मग परीक्षा कशी घ्यायची?

पहिल्या आठवड्यातली रचना आणि आजची, दोन्ही करायला सांगा. काय बदललं आणि का, ते त्यांच्याच तोंडून ऐका.