हौसेची गिटार

प्रश्न: वय ५४, बँकेत नोकरी. १२ वर्षं यामाहाच्या एफ३१० वर जुनी गाणी वाजवतो, तीही घरातच. आता भारी, पूर्ण सॉलिड लाकडाची गिटार घ्यावीशी वाटते. बायको विचारते, "कार्यक्रम आहेत का तुमचे?" घेऊ का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: घ्या. वहिनींना सांगा, कार्यक्रम नाहीत म्हणूनच घेतोय; ऐकणारे आपणच, तर निदान ऐकायला तरी बरं लागू दे! तुमच्या गिटारचा टॉप, म्हणजे पुढची फळी, लॅमिनेटेड आहे, प्लायसारखे थर चिकटवलेला. सॉलिड टॉप थर नसलेल्या अखंड लाकडाचा असतो, बहुतेकदा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या, आणि जास्त मोकळा कंप पावतो. मी ४९व्या वर्षी घेतली. पहिला ई मायनर छेडला नि कंप थेट बरगड्यांत जाणवला. पंधरा मिनिटं तोच एक कॉर्ड वाजवत बसलो.

पण तुमच्याकडचा पावसाळा! दमट हवेत सॉलिड लाकूड फुगतं, ब्रिजमागे (टॉपवर तारा अडकवायची पट्टी) पोट सुटतं, तारा वर उचलतात. पहिल्याच जुलैत माझा एफचा बार कॉर्ड, एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा, लागेना, बोट कळवळलं. तेव्हापासून ती हार्ड केसमध्ये, सोबत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायचा. भिंतीवर टांगायची असेल तर लॅमिनेटेडच बरी.

मधला मार्ग म्हणजे फक्त टॉप सॉलिड. यामाहाची एफजी८०० तशी आहे. दुकानात स्वतः वाजवून बघा. विक्रेत्याच्या हातात खोकंसुद्धा गातं. सेटअपचे, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवून घ्यायचे, पैसे वेगळे धरा, आणि जुनी विकू नका, सहलीला तीच न्या.