पहिली एलडीआयएफ फाइल लिहिताना

एलडीआयएफ म्हणजे डिरेक्टरीत, म्हणजे माणसं-विभागांची माहिती ठेवणाऱ्या एलडीएपी सर्व्हरवर, नोंदी चढवायची साध्या मजकुराची फाइल. कॉलेजची अख्खी यादी डिरेक्टरीत एकदम चढवू नकोस. आधी दोनच नोंदी हातानं लिही, मग सगळं सोपं वाटेल.

- नोंदीची सुरुवात डीएनच्या, म्हणजे नोंदीचा डिरेक्टरीतला पूर्ण पत्ता सांगणाऱ्या ओळीनं. दोन नोंदींमध्ये एक रिकामी ओळ हवीच, नोंदीच्या पोटात मात्र एकही नको.
- ओळीच्या सुरुवातीला स्पेस पडली की ती ओळ वरच्या ओळीला चिकटते. मी यात एक आख्खी दुपार घालवलीय.
- आधी विभागाची नोंद, मग त्यातल्या माणसांची. उलट केलंस तर ‘नो सच ऑब्जेक्ट’ ही एरर ठरलेली.

आपल्याकडे खरी गोची नावांची. बेळगाव-निपाणीच्या यादीत मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्या येणारच. अशी नावं थेट लिहायची नसतात. यूटीएफ-८ मधलं (सगळ्या लिप्या बाइटमध्ये साठवायची पद्धत) नाव बेस६४ करायचं, म्हणजे ते बाइट साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत बदलायचे, आणि गुणधर्माच्या (माहितीच्या रकान्याच्या) नावापुढे एकाऐवजी दोन कोलन द्यायचे. ‘बेळगाव’मधला एकटा ‘ब’सुद्धा तीन बाइटचा, बेस६४मध्ये चार अक्षरांचा होतो. त्यामुळे नाव लांबलचक दिसलं तरी ते बरोबरच असतं. एकच कोलन राहिला तर बेस६४ची तीच अगम्य अक्षरं नाव म्हणून साठतात, आणि एररही येत नाही! म्हणून चढवल्यावर एक मराठी नाव शोधून बघच.

आधीच चढलेल्या माहितीत बदल करायच्या नोंदी सध्या राहू देत. या दोन नोंदी चढल्या की कळव.