विचारा बिनधास्त: ‘७२ तासांची गोळी’ आणि आईला फुटलेला घाम

प्रश्न: ताई, आम्ही ऐरोलीला राहतो, मुलगी अकरावीत, कॉलेज ठाण्याला. परवा मेथी निवडताना सहज विचारते, “आई, ती ७२ तासांची गोळी घेतली की काहीच होत नाही ना? माझी एक मैत्रीण दर महिन्याला घेते.” मला घामच फुटला, “नसत्या चौकश्या नकोत” म्हणून गप्प केलं. ती स्वतःबद्दलच विचारत असेल का? आणि सासूबाई म्हणतात, सगळं सांगितलं की मुली जास्त धीट होतात.

उत्तर: मैत्रीण की ती स्वतः, हा तपास आधी सोडा, कारण उत्तर दोन्हीकडे तेच द्यायचंय. आता विषय तुम्हीच काढा, ती परत काढणार नाही. रात्री जेवल्यावर सोसायटीत फेऱ्या मारताना बोला, समोर बसवलं की मुलींना झाडाझडती वाटते.

गोळीचं सांगायचं ते असं. संबंधानंतर दिवस जाऊ नयेत म्हणून घ्यायची ही गोळी. ती बीजांड बाहेर पडणं लांबवते, म्हणून जितकी लवकर तितकी उपयोगी, ७२ तास ही शेवटची मुदत झाली, आणि बीजांड आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. दिवस गेलेले असतील तर ती गर्भ पाडत नाही, पुढच्या वेळेला संरक्षण देत नाही, इन्फेक्शन तर अजिबात रोखत नाही. विष नाहीये ती, पण दर महिन्याची सोय म्हणून फार कच्ची, वर पाळीचं वेळापत्रक बिघडतं ते वेगळंच. घेतल्यावर पाळी आठवडाभर लांबली तर टेस्ट करायचीच. ‘सेफ दिवस’ तर या वयात विसराच, पाळीच धड नियमित नसते आणि शुक्राणू पोटात ५ दिवसांपर्यंत जगू शकतात. पहिल्या वेळीही दिवस जातात. “मी सांभाळतो” म्हणणाऱ्या मुलावर विसंबायचं नाही, कंडोम तोही एक्स्पायरी बघून, आणि मुळात नको वाटत असेल तर नको म्हणायचं, “प्रेम असेल तर सिद्ध कर” म्हणणाऱ्याला तर नक्कीच. १८ च्या आत मुलीने हो म्हटलं तरी मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात तो होकार धरत नाहीत, हेही तिला माहीत हवं. (मुलगा असता तर त्याला हे सगळं कोण सांगणार होतं, हा माझा जुना राग.)

सासूबाईंना सांगा, युनेस्कोने जगभरचे अभ्यास तपासून २०१८ मध्ये मांडलंय की अशा शिक्षणाने मुलं लवकर त्या वाटेला लागत नाहीत.

प्रश्न: मी १७ वर्षांची, कोपरखैरणे. डेट १० दिवस पुढे गेलीय. मैत्रीण म्हणते मेडिकलमधून पाडायच्या गोळ्या आणून देते. घरी सांगायची सोय नाही.

उत्तर: त्या गोळ्या नको गं. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत असला तर जिवावर बेततं, आणि अजून तर दिवस गेलेत की नाही हेच आपल्याला माहीत नाही. परीक्षेच्या टेन्शनने किंवा पीसीओडीनेही (हार्मोन्स बिघडल्याने होणारा अंडाशयाचा त्रास) पाळी लांबते. आधी किट आण, सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट कर, निगेटिव्ह आली आणि पाळी नाहीच आली तर आठवड्याने परत कर.

पॉझिटिव्ह आली तर दिवस ढकलू नकोस. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात होतो, अल्पवयीन मुलीसाठी २४ पर्यंतही, तेव्हा दोन डॉक्टर लागतात. १८ च्या आत पालकाची लेखी संमती लागते, म्हणून मावशी, आत्या, जिच्याशी जमतं तिला मध्ये घे आणि तिच्याकडून आईला सांग. पॉक्सोमुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, पण तू आणि पालकांनी विनंती केली तर तुझं नाव द्यायची गरज नाही, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. आणि कुणी जबरदस्ती केली असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर, पैसे लागत नाहीत.