शिकून पुन्हा शेणातच हात?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. साखर कारखान्याच्या प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या मळीवर, चालणारा जैव गॅस प्रकल्प पाहून आली आणि तेव्हापासून "मला यातच काम करायचंय" म्हणतेय. तुम्ही लिहिलंय, "पंचवीस वर्षं शेण काढलं ते हिला त्यातून बाहेर काढायला. आता ही शिकून पुन्हा शेणातच हात घालणार का? आणि पोरीच्या जातीला गॅसचं काम झेपेल का?"

पत्र दोनदा वाचलं. तुमचा राग मला कळतो, पण मुलीची निवड चुकलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी शेणाचं बोलू. शेण म्हणजे जनावराने एकदा पचवलेला चारा, त्यातला बराचसा कस जनावरानेच घेतलेला असतो. त्यामुळे गॅससाठी शेणापेक्षा खरकटं, भाजी मंडईतला कचरा आणि प्रेसमड जास्त जोरदार ठरतात. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर, वाया गेलेल्या धान्यावर चालणारं घरगुती संयंत्र केलं आणि २००६ मध्ये संस्थेला स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७ हजार किलो गॅस देईल, अशा क्षमतेचा बांधला आहे. घरोघरी ओला कचरा वेगळा होतो म्हणूनच असा प्रकल्प उभा राहू शकतो. तिथल्या गॅसवर शहराच्या बसही चालतात.

आता तुमच्या मुलीचं काम कुठे येतं ते सांगते. डायजेस्टर, म्हणजे गॅस तयार होतो ती बंद टाकी, हे एक मोठं पोटच. आत हवा नाही. काही जिवाणू अन्न फोडतात, काही त्याची आम्लं करतात आणि शेवटी मिथेन, म्हणजे आपला जळणारा गॅस, करणारे सूक्ष्मजीव ती आम्लं संपवतात. हे शेवटचे फार सावकाश वाढतात आणि फार नाजूक असतात. खाणं एकदम वाढवलं की आम्लं साचतात, ते थंडावतात आणि गॅस बंद होतो. कामावरची माणसं म्हणतात, "डायजेस्टर आंबला."

एकदा मी विद्यार्थ्यांना घेऊन हॉटेलच्या खरकट्यावर चालणाऱ्या एका प्रकल्पावर गेले होते. लग्नसराई होती, खरकटं दुपटीने आलेलं, सगळंच्या सगळं आत ढकललं होतं. गॅस साठला की वर उठणारी टाकीची टोपी खाली बसलेली. ऑपरेटर पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजायची, पट्टी दाखवून सांगत होता, "सात आहे मॅडम, सगळं ठीक आहे." कोपऱ्यातल्या टेबलावर एक मुलगी ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या काचनळीतून, थेंब थेंब आम्ल सोडत बसली होती. तिने वही पुढे केली. आम्ल आणि क्षारता (आम्लाला तोलून धरायची ताकद) यांचं गुणोत्तर एरवी ०.३ च्या आसपास असायचं, ते चार दिवसांत ०.८ वर गेलं होतं. आतली क्षारता सांभाळून घेते तोवर पीएच हलत नाही, आणि तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. तिला हे आधीच दिसलं होतं, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग खाणं थांबवलं, आणि डायजेस्टर सावरायला तीन आठवडे गेले.

टाकी बांधणारे, पंप बसवणारे पुष्कळ आहेत. ती वही वाचता येणारी माणसं फार थोडी आहेत. आता काड, पाचट, नेपियर गवत असला चिवट माल आत जातो. तो आधी कसा मऊ करायचा, कोबाल्ट आणि निकेलसारखी खनिजं या सूक्ष्मजीवांना किती कमी पडतात, हे प्रश्न मायक्रोबायोलॉजीवाल्यांचेच आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर आणि भाताच्या काडापासून गॅस करण्यावर काम झालेलं आहे.

सगळं गोड मात्र नाही. २०१८ मध्ये सरकारने कचऱ्यापासून गॅस करण्याच्या 'सतत' योजनेत ५००० प्रकल्पांचं लक्ष्य ठेवलं, प्रत्यक्ष प्रकल्प त्याच्या जवळपासही पोचलेले नाहीत. २०२५-२६ पासून शहरी गॅस कंपन्यांना एक टक्का जैव गॅस मिसळायचा नियम आला आहे आणि तो २०२८-२९ पर्यंत पाच टक्क्यांवर न्यायचा आहे, म्हणजे मागणी वाढेल. पण सुरुवातीचा पगार औषध कंपनीपेक्षा कमी असू शकतो आणि काम गावाबाहेर, पाळीत असतं.

झेपेल का, या प्रश्नात मुलगा-मुलगी काही नाही, सुरक्षिततेचा भाग मात्र खरा आहे. या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. माणूस टाकीत उतरतो तो असा फसतो. जिथे गॅस मोजायचं यंत्र न देता आत उतरवतात, तिथली नोकरी तिने पहिल्याच दिवशी सोडावी. हे तिला माझ्या नावाने सांगा.

एम.एस्सी.ला लगेच पैसे भरू नका. परीक्षा संपली की तीन-चार महिने एखाद्या प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत, बिनपगारी का होईना, बसू द्या. तेवढ्यात मन लागतं की उडतं ते कळेल. लागलं तर पर्यावरणशास्त्र किंवा मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करावी. आयआयटीत जायची उमेद असेल तर 'जॅम'ची, म्हणजे तिथल्या एम.एस्सी.च्या प्रवेशाची, बायोटेक्नॉलॉजीची परीक्षा तिला देता येते.

आणि पुढच्या वेळी ती प्रकल्पावर जाईल तेव्हा तुम्हीही जा. स्लरी, म्हणजे टाकीतला पातळ राडा, आंबट वासाची आहे की नाही, हे तुमच्या नाकाला तिच्याआधी कळेल. तिथली टेस्टची वही तिला उघडायला सांगा आणि ती काय समजावते ते ऐका. मग मला पुन्हा लिहा.