एमएस 64 मिळालेलं मॉर्गन डॉलर पुन्हा ग्रेडिंगला पाठवावं का?

नाही.

तुमचं नाणं 1881-एस आहे, म्हणजे 1881 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत ('एस' ही तिची खूण) पडलेलं अमेरिकन चांदीचं मॉर्गन डॉलर. ग्रेडिंग कंपनीकडून त्याला 70 पैकी एमएस 64, म्हणजे कोऱ्या, न वापरलेल्या नाण्याची ग्रेड आलीय आणि भिंगाखाली तुम्हाला ते 65 वाटतं. 1881-एस हे मॉर्गनमधलं अगदी सहज मिळणारं आणि सुबक पडलेलं नाणं. त्याची 65 ग्रेडची नाणी बाजारात हजारोंनी आहेत. 64 आणि 65 च्या भावातला फरक फी, टपाल आणि विमा यांतच जिरून जाईल. 65 हवंच असेल तर हे विका आणि 65 विकत घ्या.

एवढं लिहून थांबलो असतो. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही म्हटलंय की एका जाणकारांनी तुम्हाला स्लॅब (कंपनी नाणं ज्यात बंद करून देते ती प्लास्टिकची डबी) फोडून नाणं रॉ, म्हणजे उघडं, पाठवायला सांगितलं, "चान्स घ्यायला काय जातं?" नेमकं हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. त्यामुळे काय जातं ते सविस्तर सांगतो.

दादाने आणि मी मिळून एक 1884-एस घेतलं होतं, एयू 58, म्हणजे जेमतेम झिजलेलं; 60 पासून पुढे कोरं. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत त्या साली 32 लाख नाणी पडली, पण बरीचशी चलनात जाऊन झिजली. झिजलेलं 1884-एस कुणालाही मिळतं, कोरं मिळता मिळत नाही. त्यामुळे 58 आणि 60 यांच्यात आकड्यांचा फरक दोनाचा आणि भावाचा फरक कित्येक पटींचा. हा 70 चा तक्ता विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये जुन्या अमेरिकन सेंटसाठी मांडला, तेव्हा आकडा म्हणजे किमतीची पट होती: 1 च्या नाण्याच्या सत्तरपट 70 चं नाणं. आज ते गणित कुठल्या कुठे गेलंय. सगळा पैसा एकेका पायरीवर साचलाय आणि 1884-एसमध्ये तर तो 58 च्या पुढच्या पायरीवर आहे.

दादाचं म्हणणं असं, की आपलं नाणं 58 नाहीच. नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या, कानावरचे केस थोडे सपाट दिसतात ते ठसा कमजोर बसल्यामुळे, झीज नव्हे. फोडू या, पाठवू या, नुसतं 60 आलं तरी सोनं झालं.

मी त्याला दिव्याखाली बसवलं. नाणं तिरपं धरून सावकाश फिरवलं की कोऱ्या नाण्यावर उजेडाचा पट्टा कुठेही न तुटता गोल फिरतो. ठसा कमजोर असेल तर सपाट जागेवरूनही पट्टा तसाच सरकतो, कारण तिथला मूळ पृष्ठभाग शाबूत असतो. झीज असेल तिथे तो अडखळतो. आमच्या नाण्यावर कानावरच्या केसांपाशी आणि मागच्या बाजूला गरुडाच्या छातीवर पट्टा तुटत होता, बोटाच्या पेराएवढाही नाही असा मंद राखाडी डाग ठेवून. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोची त्या काळातली नाणी सहसा ठसठशीत पडलेली असतात. कमजोर ठशाची सबब न्यू ऑर्लीन्सच्या नाण्याला एक वेळ शोभली असती.

आणि खरी भानगड वेगळीच होती. लिबर्टीच्या नाकासमोरच्या मोकळ्या जागेत, एका ठरावीक कोनातच दिसतील अशा, सगळ्या एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघा. कधीकाळी कुणीतरी कापडाने पुसलंय. ज्या ग्रेडरने 58 दिलं त्याने त्या पाहिल्या असणार आणि 58 ला चालून जातील म्हणून सोडून दिल्या असणार. तेच नाणं रॉ गेलं आणि समोरच्याने सोडल्या नाहीत, तर परत येतं "एयू डिटेल्स, क्लीन्ड", म्हणजे 'साफ केलेलं नाणं' असा शेरा. मग 60 राहिलं बाजूला, आकडाच नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. शिवाय आपल्या हाताने स्लॅब फोडला की त्या ग्रेडवरची कंपनीची हमीही संपते. चान्स घ्यायला हे जातं.

शेवटी मधला मार्ग काढला. पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीकडे रीकन्सिडरेशन नावाची सेवा आहे. त्यात नाणं स्लॅबमध्येच ठेवून पाहतात आणि ग्रेड वाढणार असेल तरच बाहेर काढतात, खाली घसरायची भीती नाही. पाठवलं. 58 च आलं. दादा म्हणाला, "लेबलवर 58 छापलेलं समोर दिसत असताना दुसरं काय देणार ते? फोडलं असतंस तर कळलं असतं."

यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. आधीचा आकडा डोळ्यासमोर असला की माणूस त्याच्याच आसपास राहतो. पण त्यावरचा उपाय म्हणजे नाणं उघडं करून आकडा लावायचा आणि लागेपर्यंत लावत राहायचा, हे मला मान्य नाही. ग्रेड हे मत असतं. सीमेवरचं नाणं आज 64 आणि पुढच्या खेपेला 65 येऊ शकतं, म्हणूनच लोक एकच नाणं पुन्हा पुन्हा पाठवतात. जुनी लेबलं परत करत नाहीत, मग पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये (कुठल्या ग्रेडची किती नाणी आली, याची कंपनीची यादी) एकाच नाण्याची दोन-तीन नाणी होऊन बसतात आणि पुढचा संग्राहक त्या आकड्यांवर विसंबून भाव ठरवतो. अशा रेट्याने मिळवलेल्या 65 ला डोळस गिऱ्हाईक 65 चा भाव देतही नाही. ते लिबर्टीच्या गालावरचे बॅगमार्क (थैलीत नाणी एकमेकांवर आपटून पडलेले ओरखडे) बघतं, लेबल नंतर.

ते 1884-एस आज माझ्याकडेच आहे, त्याच स्लॅबमध्ये. दादाला त्याचा वाटा दिला आणि पूर्ण नाणं ठेवून घेतलं. कितीतरी एमएस 61 मी हातात धरलीत, ओरखड्यांनी भरलेली, निस्तेज. हे 58 त्यांच्यापेक्षा देखणं आहे. दादा आजही चारचौघांत सांगतो की धाकट्याने धीर केला नाही म्हणून पैसा प्लास्टिकमध्ये अडकला. दादा, त्या नाकासमोरच्या रेघा तू स्वतः पाहिल्यास, आणि "हो, आहेत" असं तूच म्हणालास. तेवढंही त्या चारचौघांना सांगत जा.

आता तुमच्याकडे वळतो. आपलं नाणं 64 मधलं वरचं आहे अशी खात्रीच असेल तर फोडण्याआधी सीएसीकडे पाठवा. ही स्लॅबमधली नाणी तपासून त्यावर स्टिकर लावणारी कंपनी. पीसीजीएस आणि तशीच दुसरी ग्रेडिंग कंपनी एनजीसी यांच्या स्लॅबमधली अमेरिकन नाणी ते 2007 पासून बघतायत. हिरवा स्टिकर म्हणजे त्या ग्रेडला नाणं पक्कं, सोनेरी म्हणजे ग्रेडच कमी दिलाय. नाणं प्लास्टिकबाहेर येत नाही. हिरवाही मिळाला नाही, तर 65 चा विषय डोक्यातून काढून टाका.

पुन्हा पाठवूच नये असं माझं म्हणणं नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. दोन ग्रेडच्या भावात मोठी दरी असेल आणि नाणं खालच्या ग्रेडमध्ये उघड उघड उजवं दिसत असेल, तर जरूर पाठवा, पण स्लॅबसकट. जुन्या काळात ग्रेडिंग कडक होतं असं बरेच जण मानतात आणि त्या स्लॅबमधली नाणी वर जातातही. पण तुमचं नाणं पीसीजीएसच्या अगदी सुरुवातीच्या, हलवलं की खुळखुळणाऱ्या स्लॅबमध्ये असेल तर त्याला हात लावू नका. त्या स्लॅबसाठीच वेगळे पैसे मोजणारे लोक आहेत.

आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर दिसत असेल तर वरचं काहीच लागू नाही. तो पीव्हीसीच्या पाकिटातून आलेला असतो, स्लॅबच्या आतही नाणं खात राहतो. तिथे ग्रेडचा विचार सोडून ते आधी कन्झर्व्हेशनला, म्हणजे तज्ज्ञांकडून जपून साफ करून घ्यायला, पाठवा, घरी अॅसिटोन वगैरे काढून बसू नका.